पौर्णिमेचा लेख मी पुढे पाठवला

परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, त्या मुलीचा ब्लॉग हल्ली उघडत का नाही. मी म्हणाले, काहीतरी तांत्रिक अडचण असेल, आणि लगेच तुमच्याकडे बर्फ किती पडला ते विचारलं. अडचण तांत्रिक नव्हती. तो ब्लॉग माझ्यामुळे बंद झाला. फोनवर ते सांगायला मला जमलं नसतं, म्हणून लिहिते आहे. माझं सगळं शिक्षण इंग्रजीत झालं, आयुष्यभर शाळेत इंग्रजीच शिकवलं, तुमच्याशीही मी निम्मं इंग्रजीतच बोलते. पण तिने जे लिहिलं होतं ते मराठीत होतं. त्याबद्दल दुसऱ्या भाषेत लिहायला बसले तर मला पळवाटा सापडतील. बाबांकडून वाचून घ्या. एका बैठकीत झालं नाही तर थोडं थोडं वाचा, पण शेवटपर्यंत वाचा, कारण त्यात तुमच्या बाबांच्या घराचाही विषय आहे.

गेल्या एप्रिलमध्ये सोसायटीतल्या मुलांच्या परीक्षा संपल्या आणि खालच्या मजल्यावरच्या एकीने मला विचारलं, टीचर, सुट्टीत इंग्रजी संभाषणाचा वर्ग घ्याल का. मी म्हणाले, बोलायला त्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं, लिहायला येत नाही. मी त्यांना ब्लॉग लिहायला शिकवते, ज्याला हव्या त्या भाषेत. हे मी कुठून आणलं ते तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्या शाळेत तुम्हाला तो प्रकल्प होता, आणि तुमचं लिखाण वाचता यावं म्हणून मी ते सगळं त्याआधीच्या हिवाळ्यात शिकले होते. पासवर्ड कसा करायचा, लेख कसा चढवायचा, प्रतिक्रिया कुठे दिसतात, सगळं वहीत पायरीपायरीने उतरवलं होतं. चाळीस वर्षं शिकवलेल्या बाईला नवीन काही आलं की ते दुसऱ्याला शिकवल्याशिवाय चैन पडत नाही.

सात मुलं आली. वर्ग आमच्या जेवणाच्या टेबलावर, चार ते साडेपाच. चार म्हणजे चार. चार वाजून पाच मिनिटांनी मी दार लावून घेत असे, आणि उशिरा येणाऱ्याला बेल वाजवून सगळ्यांच्या देखत आत यावं लागे. मधल्या सुट्टीत भडंग आणि पन्हं. कुणालाही संगणकाला हात लावू देण्याआधी मी प्रत्येकाच्या आईवडिलांकडून एक फॉर्म भरून घेतला, मीच टाइप केलेला. खातं आईच्या किंवा वडिलांच्या ईमेलवर उघडलं जाईल, प्रत्येक लेख आधी घरी वाचला जाईल, आणि ब्लॉग सगळ्या जगाला दिसणार नाही, फक्त ज्यांना लिंक दिली आहे त्यांनाच दिसेल. वाचणारे म्हणजे आईवडील, वर्गातली मुलं, मी, आणि तुम्ही दोघं. तुम्हाला मी परदेशी वाचक म्हणून घेतलं होतं. मुलांना त्याचं फार अप्रूप होतं.

मग नियम. आठ नियम मी जाड पुठ्ठ्यावर सुवाच्य अक्षरात लिहिले आणि टेबलाच्या काचेखाली सरकवले, म्हणजे लिहिताना डोळ्यांसमोर राहतील. आपलं नाव आणि आडनाव लिहायचं नाही, टोपणनाव घ्यायचं. शाळा, इयत्ता, गणवेशाचा रंग सांगायचा नाही. पत्ता, इमारत, बसचा नंबर नाही. फोटो नाही, त्याऐवजी स्वतः काढलेलं चित्र. गावाला निघताना ‘आम्ही गावाला चाललो’ असं लिहायचं नाही, परत आल्यावर लिहायचं. पासवर्ड आईवडिलांशिवाय कुणाला नाही, जिवलग मैत्रिणीलासुद्धा नाही. प्रतिक्रिया आधी मोठ्यांनी पाहायच्या, मगच खाली दिसू द्यायच्या, आणि अनोळखी माणसाला उत्तर द्यायचं नाही. आणि आठवा, दुसऱ्याचं लिखाण त्याला विचारल्याशिवाय पुढे पाठवायचं नाही.

पहिल्या नियमावर एकाने हुज्जत घातली. त्याचं म्हणणं, त्याच्या आडनावाची माणसं टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत पानंच्या पानं आहेत, मग लिहिलं तर काय बिघडलं? मी उत्तर देणार तेवढ्यात टेबलाच्या टोकाला, फ्रीजजवळ बसणारी मुलगी म्हणाली, “आडनावावरून लोक लगेच शोधतात.”

मी तिला शाबासकी दिली. मला वाटलं ती संगणकाबद्दल बोलते आहे.

ती बारा वर्षांची. बी विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर हे कुटुंब भाड्याने राहत होतं, दीडेक वर्ष झालं होतं. वडील सरकारी कार्यालयात अभियंता, आई एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. आडनाव गावावरून पडलेलं, कुणाचंही असू शकेल असं. मुलगी कमी बोलायची. पेन्सिलीला टोक केलं की सालं मुठीत धरून ठेवायची आणि तास संपल्यावर उठून कचऱ्याच्या डब्यात टाकायची. बाकीची मुलं सरळ कीबोर्डवर बोटं आपटायची, ती आधी वहीत लिहायची. टोपणनाव म्हणून तिने एका पक्ष्याचं नाव घेतलं आणि त्या पक्ष्याचं चित्र काढलं, तारेवर बसलेला, पाठमोरा. मी म्हणाले, अगं, तोंड तर दाखव त्याचं. ती म्हणाली, “फोटो नको म्हणालात ना.” आम्ही सगळे हसलो.

तिचे पहिले लेख तुम्ही बाबांकडून वाचून घेतलेत. लिफ्टमधल्या आरशाचा, प्रयोगशाळेतून आल्यावर आईच्या हाताला येणाऱ्या वासाचा. तुम्ही तिला लाल बदामाची चित्रं पाठवलीत, ती तिने मला तीनदा दाखवली. इतक्या वर्षांत माझ्या हाताखालून पुष्कळ मुलं गेली. चांगलं लिहिणारी थोडी होती. पाहिलं तेच लिहिणारी, पाहिलं नाही ते न लिहिणारी, ही एकच.

मे महिन्यात वैशाखातली पौर्णिमा आली आणि ते सगळे तिच्या आजीकडे मांजरी गावाला गेले. परत आल्यावर, नियमाप्रमाणे, तिने त्यावर लिहिलं. पहिला खर्डा चार ओळींचा होता. आम्ही आजीकडे जातो, खीर असते, सगळे जमतात, छान वाटतं. मी लाल पेन्सिल घेतली आणि समासात खुणा केल्या. कपडे कोणते? घर कसं आहे? आजी काय म्हणते? काय ऐकू येतं? ‘छान’ला गोल केला आणि बाजूला लिहिलं, याचा अर्थ काहीच होत नाही. तिला म्हणाले, नुसतं छान म्हणून भागत नाही, वाचणाऱ्याला तिथे नेऊन बसव.

दोन दिवसांनी तिने दुसरा खर्डा आणला. तो तुमच्या लक्षात असेलच. मांजरीतलं, उसाच्या फडाला टेकलेलं आजीचं घर, आणि आता त्याच्या मागे उभ्या राहिलेल्या उंच इमारती. बाबा सकाळी लवकर मार्केट यार्डातून टोपलीभर पांढरी फुलं आणतात ती. सगळ्यांचे पांढरे कपडे, आजीची इस्त्री केलेली पांढरी साडी, भिंतीवरच्या दोन तसबिरी, मेणबत्त्या, आणि मग सगळ्यांनी एका सुरात म्हटलेली पाली वंदना. ती शब्दांचा अर्थ विचारत नाही, कारण आजीच्या तोंडून ते तिला आधीच समजलेले वाटतात. आणि खीर वाढताना आजी म्हणते ते, “अजून हाय, पोटभर खा.” मी सवयीने ‘हाय’ खोडून ‘आहे’ केलं होतं. ती म्हणाली, आजी असंच बोलते. मी माझी दुरुस्ती खोडली.

वही परत घेताना ती थांबली. “हे टाकलं तर चालेल ना? नावं कुणाचीच नाहीत.”

मी काचेखालच्या पुठ्ठ्याकडे पाहिलं. नाव नाही, शाळा नाही, पत्ता नाही, फोटो नाही, परत आल्यावर लिहिलं आहे. एकेका नियमापुढे मनातल्या मनात बरोबरची खूण केली. म्हणाले, “चालेल. उत्तम आहे.”

आता खरं सांगते. हे कुटुंब बौद्ध आहे, हे मला त्या लेखामुळे कळलं, आणि कळलं तेव्हा मला काहीच वाटलं नाही, याबद्दल मला माझंच कौतुक वाटलं. आपल्या टेबलावर बसून ही मुलगी असं मोकळेपणाने लिहिते, म्हणजे आपलं घर किती मोकळं, असं मी स्वतःशी म्हणाले. ती ‘चालेल ना’ असं का विचारते आहे, हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरलाच नाही. मला तो व्याकरणाच्या शंकेसारखा वाटला.

सकाळी आम्ही सहा जणी चालायला जातो. आमचा फोनवर ग्रुप आहे. त्यावर रोज फुलांची चित्रं येतात, गुडघ्यांचे व्यायाम येतात, नातवंडांची प्रशस्तिपत्रं येतात. त्या आठवड्यात एकीने नातवाचं कुठल्याशा स्पर्धेतलं पदक टाकलं होतं. दुसरीने नातीचा नाच. तुमचं टाकावं असं माझ्याकडे काही नव्हतं, तुमची चित्रं टाकायला तुमच्या आईने मनाई केली आहे, आणि ते योग्यच आहे. पण मलाही काही दाखवायचं होतं. मी पौर्णिमेच्या लेखाची लिंक टाकली आणि वर लिहिलं, ‘माझ्या वर्गातल्या, आपल्याच सोसायटीतल्या एका बारा वर्षांच्या मुलीचं लिखाण. नाव सांगणार नाही, तसा नियम आहे.’ नाव सांगितलं नाही याचाही मला अभिमान होता. आठवा नियम माझ्या कोपराखाली, काचेखाली होता. तो मी मुलांसाठी लिहिला होता.

आधी टाळ्यांची चित्रं आली. मग एकीने विचारलं, कुणाची गं? दुसरी म्हणाली, नाव नको सांगूस, विंग तर सांग. मी सांगितली नाही. मग त्यांनीच कोडं सोडवायला घेतलं, शब्दकोडं सोडवतात तसं, हसतखेळत. मांजरीला आजी म्हणजे कोण? पौर्णिमेच्या सकाळी लिफ्टमध्ये पांढऱ्या फुलांची टोपली कुणाच्या हातात होती? एकीने पाहिली होती. तिसऱ्या मजल्यावर उतरलेली. पाच-सहा मिनिटांत उत्तर निघालं. मी लाल पेन्सिलीने मागून घेतलेला एकेक तपशील त्यांनी वापरला. फुलं, घर, आजीची भाषा. पहिला चार ओळींचा खर्डा टाकला असता तर त्यांना काहीच कळलं नसतं.

त्या सहा जणींपैकी एक, शेजारच्या विंगमधली, तिसऱ्या मजल्यावरच्या त्या घराची मालकीण. आमची तीस वर्षांची मैत्री. तिने लिहिलं, ‘म्हणजे माझेच भाडेकरू की! आडनावावरून मला काही कळलंच नव्हतं.’ त्याखाली आणखी कुणीतरी लिहिलं, ‘पण वाटत नाही हं.’

ते मी वाचलं. उत्तर लिहायला घेतलं, ‘वाटत नाही म्हणजे काय?’ असं. मग वाटलं, उगाच कशाला, त्यांच्या मनात काही वाईट नसेल, सगळ्या कौतुकच तर करताहेत. लिहिलेलं पुसलं आणि नमस्काराचे जोडलेले दोन हात पाठवले. ते कुणासाठी होते ते मला आजही सांगता येणार नाही. लिंक मी तेव्हासुद्धा काढून घेऊ शकले असते. कशी काढतात ते मी मुलांना शिकवलं होतं.

सुट्टी संपली, शाळा सुरू झाल्या, वर्ग आटोपला. मुलांना मी ब्लॉग पुढे चालू ठेवायला सांगितलं. तिने जूनमध्ये दोन लेख लिहिले, ते तुम्ही वाचलेत. तिसरा आलाच नाही. मला वाटलं, सातवीचा अभ्यास वाढला असेल.

जुलैच्या सुरुवातीला तिची आई आली. बरोबर चार वाजता बेल वाजली. मी दार उघडलं तर ती एकटी, हातात फॉर्म, माझाच, तिने सही केलेला. ती टेबलाशी जाऊन बसली, आणि बसली ती नेमकी मुलीच्या जागी, फ्रीजजवळ. पाणी नको म्हणाली.

“काकू, लेखाची लिंक तुम्ही कुणाला पाठवली होती का?”

मी हो म्हणाले. आमच्या चालण्याच्या ग्रुपवर. आणि लगेच पुढे म्हणाले, सगळ्यांना फार आवडला, सगळ्यांनी कौतुक केलं.

“हो. मालकीणबाईंनीही केलं,” ती म्हणाली. “दारात उभं राहून केलं. त्याआधी त्या आत यायच्या, चहा घ्यायच्या.”

मग तिने सांगितलं. कौतुक करून गेल्यावर पंधरा दिवसांनी मालकीणबाईंचा फोन आला. त्यांचा भाचा परगावाहून बदली होऊन येतो आहे, त्याला घर लागणार, तेव्हा जुलैअखेरचा अकरा महिन्यांचा करार पुढे वाढवता येणार नाही. मागच्या वेळी त्यांनीच म्हटलं होतं, तुमच्यासारखे भाडेकरू मिळत नाहीत, मुलीची दहावी होईपर्यंत राहा. त्या भरवशावर त्यांनी मुलीचं नाव जवळच्या शाळेत घातलं होतं. आता नवरा-बायको रोज संध्याकाळी घरं पाहत हिंडत होते. फोनवर सगळं ठरतं, ती म्हणाली, आणि घर पाहायला गेलं की पूर्ण नाव विचारतात, मूळ गाव विचारतात, देव्हारा कुठे ठेवणार ते विचारतात. मग दोन दिवसांनी कळतं, घर दुसऱ्याला दिलं.

“मी तो लेख आधी वाचला होता,” ती म्हणाली. “फॉर्मवर सही आहे माझी. वाचला तेव्हाच तो अडवावासा वाटला होता. पण तिने इतकं मनापासून लिहिलं होतं, काकू, की मला ‘हे काढ’ म्हणवेना. तिच्या बाबांना मी म्हणाले, दहा-बारा जण तर वाचणार, त्यातली निम्मी मुलं.”

मी माफी मागितली. मला वाटतं मी दोनदा मागितली. तिने फॉर्मची घडी केली आणि काचेखालच्या पुठ्ठ्यावर बोट ठेवलं, पहिल्या नियमावर.

“पहिल्या दिवशी ती घरी आली आणि मला म्हणाली, आई, यातला पहिला नियम मला आधीपासून येतो. हसत होती. मी पण हसले. आमच्याकडे ही यादी तिच्या जन्माच्या आधीपासून आहे.”

जाताना ती आवाज चढवेल, दार आपटेल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिने चपला घातल्या, दार हळूच ओढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चालताना मी मैत्रिणीला गाठलं. बाकीच्या जणी पुढे निघून गेल्या, मुद्दामच. मी विचारलं, भाचा कधी येतोय तुझा? येईल, ती म्हणाली. मी म्हणाले, अगं, मुलीची शाळा इथे आहे, वर्षाच्या मध्ये त्यांनी कुठे जायचं? ती थांबली.

“मी कुणाला काही वाकडं बोलले का? उलट मुलीचं कौतुकच केलं. तू टीचर आहेस म्हणून आमचे पेपर तपासत बसू नकोस.” आणि चार पावलं पुढे जाऊन वळून म्हणाली, “एवढं वाटतंय तर तुझ्या मुलाचं घर रिकामंच आहे. दे की.”

बाळांनो, इथे तुमच्या बाबांनी वाचायचं थांबू नये. त्याचं घर, आमच्याच इमारतीतलं, वर्षभर कुलूपबंद असतं. किल्ली माझ्या कपाटात आहे. महिन्यातून एकदा मी नळ सोडून येते, जाळी झाडते, तुमच्या खोलीतली खिडकी तासभर उघडी ठेवते. तुम्ही येता तेव्हा तीन आठवडे ते उघडतं. त्या सकाळी घरी आल्यावर मी किल्ली काढून टेबलावर ठेवली, आणि तिच्याकडे बघत बसले. मैत्रिणीने टोमणा मारला होता, पण म्हणत होती ते खरंच करता येण्यासारखं होतं. बाबांना एक फोन करायचा होता. तो नाही म्हणाला असता असं मला वाटत नाही.

मी फोन केला नाही. तो नाही म्हणाला, असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, आणि तुम्हीही तसं समजू नका. मी विचारलंच नाही. आधी स्वतःला सांगितलं की डिसेंबरमध्ये तुम्ही येणार, सामान हलवाहलवी कशाला. मग सांगितलं की रंग द्यायचा राहिला आहे. तिसऱ्या दिवशी कारणं संपली आणि खाली उरलं ते एवढंच होतं, की रोज सकाळी ज्यांच्याबरोबर चालायचं त्या पाच जणी काय म्हणतील. तीस वर्षांची ओळख. तुमचे आजोबा गेले तेव्हा याच बायका तेरा दिवस आळीपाळीने आमच्याकडे डबा पाठवत होत्या. मी किल्ली पुन्हा कपाटात ठेवली. डिसेंबरमध्ये तुम्ही आला नाहीत. घर रिकामंच होतं.

जुलैच्या शेवटच्या रविवारी त्यांचा टेंपो आला. मांजरीच्या बाजूला, आजीच्या घराजवळ, एका नव्या इमारतीत जागा मिळाली होती. शाळा तीच ठेवायची तर मुलीला शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोन बस बदलून यावं लागलं असतं. त्यांनी शाळा बदलली. सामान चढत असताना ती वर आली, वर्गाची वही परत द्यायला. वह्या मी माझ्या आणल्या होत्या, म्हणून ती परत करत होती. मी म्हणाले, अगं, ती तुझी आहे, ठेव. तिने ठेवली नाही. टेबलावर, काचेवर, नियमांच्या बरोबर वर ठेवली.

ब्लॉग काढून टाकल्याचं तिने सांगितलं. आईने सांगितलं नव्हतं, तिनेच काढला होता, सगळे लेख, चित्रासकट. तुम्ही शिकवलंत तसाच काढला, म्हणाली.

मी विचारलं, “लिहिणं सोडणार नाहीस ना?”

“लिहीन. पण कुणाला दाखवायला नाही.”

पत्र पाठवीन, पत्ता दे, असं मी म्हणाले. ती कावरीबावरी झाली, जिन्याकडे बघायला लागली. “पत्ता द्यायचा नाही ना,” ती म्हणाली. चेष्टा करत होती की खरंच म्हणत होती, ते तिच्या चेहऱ्यावरून कळलं नाही. मी तिच्या आईकडेही नंतर मागितला नाही. मागायचा अधिकार मी कुठून आणणार?

भाचा आला नाही. सप्टेंबरमध्ये त्या घरात एक तरुण जोडपं आलं, त्यांच्याकडे कुत्रा आहे. मैत्रीण त्यांचंही कौतुक करते. मी अजून त्यांच्याबरोबर चालायला जाते. दोन महिने गेले नव्हते, गुडघे दुखतात म्हणून सांगितलं होतं. मग एकटीने चालून पाहिलं, नाही निभावलं, आणि एका सकाळी सगळ्या जणी फाटकाशी उभ्या होत्या त्यात जाऊन उभी राहिले. कुणी काही विचारलं नाही. त्या विषयावर आमच्यात तेव्हापासून एक शब्द झालेला नाही. येत्या सुट्टीत वर्ग घेणार का, असं दोघा पालकांनी विचारलं. बाकीची सहा मुलं ब्लॉग लिहितात, सुरक्षित आहेत, त्यांच्या आया मला दुवा देतात. मी नाही म्हणून सांगितलं आहे. पुठ्ठा काचेखालून काढला. काचेखाली लाकडावर त्याच्या आकाराचा स्वच्छ चौकोन दिसत होता, तो पुसूनही जात नव्हता, म्हणून वर टेबलक्लॉथ घातला.

तुम्ही विचारलंत, निदान तो पौर्णिमेचा लेख तरी पाठव, आम्हाला पुन्हा वाचायचा आहे. माझ्याकडे तो आहे. वर्गात प्रत्येकाच्या लेखाची मी एक छापील प्रत फाइलमध्ये लावत असे. तिची वहीही तिथेच आहे. तुम्हाला प्रत पाठवायची तर तिला विचारायला हवं, आणि विचारायला माझ्याकडे पत्ता नाही. वही परत करायची तर तेच. फाडून टाकायला दोनदा काढली, फाडवली नाही. कपाटाच्या वरच्या खणात आहे, बाबांच्या घराच्या किल्लीशेजारी. परवा तुमचा फोन झाल्यावर मी ती वही उघडली. पहिल्या खर्ड्याच्या समासात, तिच्या चार ओळींच्या बाजूला, माझं नीटनेटकं अक्षर आहे, लाल पेन्सिलीने खाली रेघ मारून. ‘अजून सांग.’